उरलेली काच

माझ्या धंद्यात पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: तुम्हाला नक्की काय कमी करायचंय? लोकांना तो सोपा वाटतो आणि ते पटकन उत्तर देऊन मोकळे होतात. कुणी म्हणतं खर्च कमी करा, कुणी म्हणतं गाड्यांच्या फेऱ्या कमी करा. मी ते गणितात मांडते आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे तेवढंच करून देतो. जे सांगितलेलं नाही त्याची त्याला पर्वा नसते. भीडभाड तर त्याच्याजवळ नावालाही नाही.

हे काम समजावून सांगता सांगता मी घरच्यांपुढे हात टेकलेत. आई ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर विषय संपवते. काकाची व्याख्या बरी आहे. तो म्हणतो, ‘‘ती लोकांना कमी सामानात जास्त काम कसं करायचं ते शिकवते. मीही तेच करतो, फक्त मला कुणी पगार देत नाही.’’

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून कॉलेजची सगळी वर्षं मी काका-काकूंच्या घरी काढली. त्यांना मूलबाळ नाही. काकाचं दुकान घराच्याच खालच्या मजल्यावर आहे आणि तो माशांसाठी काचेच्या टाक्या बनवतो. दुकानात मिळतात तशा चौकोनी, एकसारख्या टाक्या नव्हेत. त्याच्या दोन टाक्या कधी सारख्या नसायच्या. एक जिन्याखालच्या कोपऱ्यात बसेल अशी तिरपी, एक खिडकीच्या कट्ट्यावर मावेल अशी लांबट आणि बुटकी. दातांच्या एका डॉक्टरांकडे त्याची एक टाकी दोन खुर्च्यांच्या मधे उभी आहे, इतकी अरुंद की मासे एकामागून एक रांगेत जातात. तिच्याकडे बघताना पेशंटचा दात म्हणे दुखायचा थांबतो. हे अर्थात काकानंच सांगितलेलं, त्यामुळे अर्धं सोडून द्यायचं.

या टाक्या अशा व्हायच्या याचं कारण साधं होतं. काचा त्याच्या मनाच्या नसायच्या. मागच्या गल्लीत काच कापण्याचा कारखाना आहे. खिडक्यांची तावदानं आणि दुकानांच्या दर्शनी काचा तिथं कापल्या जातात आणि उरलेले तुकडे मागच्या अंगणात टाकले जातात. पूर्वीच्या मालकानं काकाला सांगून ठेवलं होतं, हवे ते घेऊन जा, आमचाही उचलायचा त्रास वाचतो. तेव्हापासून काका संध्याकाळी ढकलगाडी घेऊन जायचा, मिळतील ते तुकडे आणायचा, भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्यांच्यासमोर चहा पीत बसायचा. कधी कधी दोन-दोन दिवस नुसता बसायचा. मग एकदम उठून म्हणायचा, ‘‘हा आणि हा. आणि तो तळाला.’’ काकू तोवर गिऱ्हाइकाला थोपवून धरायची.

तर यंदा त्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलं.

कारखाना आता एक मॅनेजरबाई बघतात. नेमकं बोलतात, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात, आणि मला अशी माणसं आवडतात. त्यांनी मला आधी कापायचं टेबल दाखवलं. माणसाच्या उंचीहून मोठी काच त्यावर आडवी ठेवतात. टेबलाला बारीक भोकं असतात, त्यांतून हवा येते आणि तेवढी जड काच एका हातानं सरकते. फोरमननं मला एक चाकाची सुरी दाखवली. ‘‘काच कापत नाहीत, मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘तिच्यावर चरा ओढायचा आणि मग ती मोडायची. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधेच थांबून वळता येत नाही.’’

मला हेच हवं असतं. जो नियम मोडता येत नाही तो आधी कळला की निम्मं गणित झालं. बाकीचं, कुठलं तावदान कुठल्या काचेतून काढायचं, हे फोरमन इतकी वर्षं अंदाजानं ठरवत होता आणि त्याचा अंदाज वाईट नव्हता. पण ऑर्डरी वाढल्या होत्या, मापं शंभर तऱ्हेची येत होती आणि वाया जाणारी काच मॅनेजरबाईंच्या डोळ्यांत सलत होती.

‘‘काय कमी करायचंय?’’ मी विचारलं.

‘‘वेस्टेज,’’ त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. ऑफिसच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. तिथं काकाची ढकलगाडी उभी होती आणि काका एका तुकड्याची कड अंगठ्यानं चाचपत होता. मला हसू आलं. तो माझा काका आहे हे मी बोलले नाही. कामाच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी नातेवाईक कशाला काढायचे, असं वाटलं. दुसरं काहीही माझ्या मनात आलं नाही, हे आता नवल वाटतं, पण खरंच आलं नाही. कागदावर ‘वेस्टेज’ हा शब्द होता आणि अंगणात काका होता, आणि या दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या दिसत होत्या.

काकाला सांगितलं तेव्हा तो हरखला. गल्लीभर सांगत सुटला. ‘‘आमची गणितबाई आता माझ्याच कारखान्यात,’’ म्हणाला. जणू कारखाना त्याच्या नावावर होता.

मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेलं हे गणित, उत्तम झालं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. दिवसभराच्या ऑर्डरी सकाळी त्यात घालायच्या, थोडा वेळ थांबायचं आणि प्रत्येक काचेचा नकाशा पडद्यावर यायचा: इथं चरा, मग इथं, मग आडवा. फोरमननं पहिले काही दिवस नाक मुरडलं आणि मग आपण होऊन मला चहा आणून दिला. वाया जाणारी काच निम्म्याहून कमी झाली. मॅनेजरबाईंनी माझ्यासमोर वरच्या साहेबांना फोन लावून ते सांगितलं आणि मी सुखावले. आपलं काम कुणाला तरी दिसलं की माणूस सुखावतोच.

त्यानंतरच्या रविवारी मी काकाकडे जेवायला गेले. दुकानात भिंतीला नेहमीसारखे तुकडे टेकवलेले होते, पण ते सगळे पट्ट्या होत्या. दोन बोटं रुंद, तीन बोटं रुंद, आणि लांबच लांब.

‘‘हे काय?’’ मी म्हणाले.

‘‘हेच येतंय हल्ली,’’ काका म्हणाला. ‘‘मी विचार करतोय की पाणी न घालता नुसती चौकट करावी आणि मासे भिंतीवर टांगावेत.’’

मी हसले. काकू हसली नाही. तिनं ताट वाढता वाढता माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘हे तू केलंस का गं?’’

कॉम्प्युटरनं केलं म्हणणं सोपं होतं, पण कॉम्प्युटरला काय कमी करायचं ते मीच सांगितलं होतं. मी ‘हो’ म्हणाले. काका काकूवर करवादला, ‘‘पोरीला जेवू तरी दे.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘अगं, काम चांगलं केलंस म्हणून तर असं झालं. वाईट केलं असतंस तर मला काचा मिळाल्या असत्या. तसं कुणी करतं का?’’ तो हे मनापासून बोलत होता, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

काकूनं मग सगळं सांगितलं. महिनाभर एक टाकी झालेली नव्हती. दोन गिऱ्हाइकं वाट बघून दुसरीकडे गेली. बाजारातून काच आणली तर टाकी इतकी महाग पडते की तेवढ्यात लोक तयार, झगमगीत दिव्यांची घेतात. दुकान बंद करून ती जागा भाड्यानं द्यावी, असं काकूच्या मनात होतं.

सोमवारी मी एक गोष्ट केली, आणि कुणालाही न विचारता केली. मॉडेलमध्ये उरलेल्या तुकड्याला आतापर्यंत काहीच किंमत नव्हती. पट्टी उरली काय किंवा ताटाएवढा तुकडा उरला काय, त्याला सारखंच. मी एक ओळ वाढवली. वीतभराहून रुंद तुकडा उरला तर तो वाया गेला असं धरायचं नाही, त्याला भाव द्यायचा. किती भाव? बाजारात काकाला तेवढा तुकडा जितक्याला पडला असता तितका. मला हे न्यायाचं वाटलं. रात्री छान झोप लागली.

मंगळवारी दुपारी काकाचा फोन आला. तो फोन सहसा करत नाही. ‘‘कारखान्यात काहीतरी घोळ झालाय,’’ तो म्हणाला. ‘‘अंगणात कोऱ्या काचा ठेवल्यात. दाराएवढ्या. एक ओरखडा नाही. मला म्हणाले घेऊन जा. मी नाही आणल्या, बाई. चोरीचा आळ यायचा. तिथंच सोडल्या आणि आत सांगून आलो.’’

मी टेबलावरच डोकं टेकलं. चूक मला त्याच क्षणी कळली होती. किरकोळीत काच जेवढ्याला पडते तो भाव मी तुकड्यांना दिला होता, आणि कारखान्याला अख्खी काच घाऊकात त्याहून स्वस्त पडते. मॉडेलच्या दृष्टीनं हा सोन्यासारखा धंदा होता. अख्खी काच घ्या, तिचे मोठाले तुकडे करा, त्यांना ‘उरलेले’ म्हणा आणि फायदा मोजा. तावदानं तर त्यानं बिनचूक काढून दिली होतीच, पण वर गोदामातल्या जादा काचाही माझ्या काकासाठी कापायला लावल्या होत्या. फोरमनला संशय आला होता. पण नकाशा आजवर एकदाही चुकला नव्हता, त्यामुळे त्यानं मान डोलावून चरे ओढले.

असली चूक माझ्याच धंद्यातली माणसं करू जाणोत. दुसरा कुणी असता तर त्यानं जाऊन सरळ विचारलं असतं, माझ्या काकाला चार तुकडे द्याल का? मी माझी माया एका आकड्यात घातली आणि तो आकडा जास्त झाला.

मॅनेजरबाईंनी मला बोलावलं तेव्हा तो नकाशा त्यांच्यासमोर होता. आवाज चढला नाही. ‘‘हा भाव तुम्ही कुठून आणलात?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. मागे ढकलगाडी घेऊन येतात ते माझे काका. त्यांच्या टाक्या. दुकान बंद पडायची वेळ आलीय.

त्यांनी खिडकीतून अंगणाकडे बघितलं. ‘‘पहिल्या दिवशी सांगायचं होतंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. माझ्या मुलाच्या शाळेत त्यांची एक टाकी आहे, मला माहितीय ते कोण आहेत. पण माझी काच तुम्ही मला न विचारता वाटायची नाही.’’

‘‘नाही वाटणार,’’ मी म्हणाले.

‘‘मग असं बघा. ज्यात माझं काही जात नाही आणि त्यांचं भागतं, असं काही निघतं का ते शोधा. तेच तर तुमचं काम आहे ना?’’

मी माझ्या ऑफिसात आले ती डोकं खाजवतच. आणि गंमत अशी की तसं खरंच निघालं. या प्रकारच्या गणिताला बऱ्याचदा एकच उत्तर नसतं. तितक्याच काचांत तितकीच तावदानं बसवायच्या पुष्कळ रीती असतात, आणि वाया जाणारी काचही प्रत्येक रीतीत एकूण तेवढीच भरते. मॉडेल त्यांतली हाताला लागेल ती पहिली उचलतं. त्यात प्रत्येक काचेच्या कडेला एकेक पट्टी उरते. पण दुसऱ्या एखाद्या रीतीत सगळ्या काचा गच्च भरतात आणि जे काय उरायचं ते शेवटच्या एका काचेवर एकत्र उरतं. ज्याच्या मालकीची काच आहे त्याला दोन्ही सारखंच. काकाला मात्र एकात पट्ट्या आणि दुसऱ्यात टाकी.

म्हणजे कुणाच्या पदरचं काही न घेता काकाला देता येत होतं. फक्त मॉडेलला सांगायचं होतं की बाकी सगळं सारखंच असेल तेव्हा एवढं बघ. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. गणितात दयाळूपणाला जागा सापडावी असं रोज होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन नकाशे मॅनेजरबाईंच्या पुढ्यात ठेवले. एक कालचा, एक नवा. काचा तेवढ्याच, तावदानं तेवढीच. त्यांनी दोन्ही नीट ताडून बघितले आणि त्यांनाही ते आवडलं. मग त्यांनी नव्या नकाशातल्या शेवटच्या काचेवर बोट ठेवलं. तिथं मोठा कोरा चौकोन होता.

‘‘हा केवढा आहे?’’

मी माप सांगितलं.

‘‘यात न्हाणीघराच्या खिडकीचं तावदान बसेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीनसुद्धा बसतील.’’

माझ्या लक्षात आलं होतं.

‘‘मग हा वाया गेला असं कसं म्हणायचं?’’ त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, त्या खरोखरच विचार करत होत्या. ‘‘हा तुकडा स्टँडवर ठेवायचा आणि उद्याच्या ऑर्डरीत वापरायचा. आजवर हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण उरायच्या त्या वेड्यावाकड्या पट्ट्या नाहीतर कापटं. तुम्ही फार चांगलं काम केलंत.’’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘मला कळतंय तुम्हाला काय वाटत असेल.’’

कळत होतं त्यांना, आणि तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जो तुकडा काकाच्या कामाचा होईल इतका चांगला, तो कारखान्याच्याही कामाचा. इतकी वर्षं काकाला काचा मिळत होत्या त्या कुणी नीट बघत नव्हतं म्हणून. मी नीट बघितलं. एकदा नाही, दोनदा बघितलं, आणि दर खेपेला त्याच्या हातचं आणखी थोडं काढून घेतलं. त्या दिवशी मला माझ्या कामाची चीड आली. ते मी चांगलं करते याची जास्त आली.

तरी एक फट उरलीच होती, आणि ती मला दिसल्याशिवाय कशी राहील? कारखान्याचं सगळ्यांत लहान तावदान एका ठरावीक मापाचं असतं. त्याहून बोटभर अरुंद तुकडा त्यांच्या काही कामाचा नाही. काकाच्या टाकीच्या बाजूला मात्र तो चालतो. उरलेला चौकोन त्या मापात मोडायचा, एवढंच मॉडेलला सांगायचं. एका ओळीचं काम. महिन्याकाठी कारखान्याचं जे जाईल ते कुणाच्या नजरेतही भरलं नसतं, आणि ती ओळ कुणी वाचलीही नसती. माझ्याशिवाय ते वाचता येणारं तिथं कुणी नाही.

मी ती ओळ लिहिली. दुपारभर तिच्याकडे बघत बसले. ती पाठवायच्या आधी मला काकाचा चेहरा बघायचा होता, म्हणून कागदावर त्या तुकड्यांची मापं काढून मी दुकानात गेले.

काका भिंतीपाशीच होता. मी त्याला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. काकू दारात उभी राहून ऐकत होती.

‘‘म्हणजे चांगली काच मुद्दाम बिघडवायची,’’ काका म्हणाला. ‘‘त्यांना नको होईल इतकी, आणि मला पुरेल इतकी.’’

‘‘बिघडवायची नाही रे. कापायची.’’

‘‘तेच ते.’’ त्यानं कागद हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक करून मापं वाचली आणि मला परत दिला. ‘‘अगं, मी अंगणातनं उचलायचो ते माझ्यासाठी कुणी ठेवलेलं नसायचं. म्हणून उचलायचो. कुणी ठेवलेलं उचलायचं म्हणजे हात पसरणं झालं.’’

‘‘हात पसरणं कसलं त्यात,’’ काकू म्हणाली. ‘‘आपलीच पोर आहे ती.’’

‘‘म्हणून तर,’’ काका म्हणाला. ‘‘उद्या कुणाच्या लक्षात आलं तर नोकरी हिची जाणार. आणि मी काय, टाकीत मासे बघत बसू?’’

गल्लीत कुणीतरी शटर ओढलं. काकूनं मग चाचरत एक विषय काढला. एका नव्या दवाखान्याला टाकी हवी होती, पण त्यांच्याच मापाची. कपाटाच्या खणात बरोबर बसेल अशी. काकूनं त्यांना अजून नाही म्हटलेलं नव्हतं. एरवी काका अशा गिऱ्हाइकाला दुकानात टेकूसुद्धा द्यायचा नाही. आधी माप सांगून टाकी मागायची म्हणजे, त्याच्या मते, माणूस न बघताच सोयरीक जुळवायची.

काकानं एक पट्टी उचलली आणि पुन्हा भिंतीला टेकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘तुझ्या त्या मॉडेलात लोक काचा मागतात ना? खिडक्यावाले?’’

‘‘हो.’’

‘‘मलाही घाल त्यात. गिऱ्हाईक म्हणून. सगळ्यांच्या भावानं, सगळ्यांच्या मागून.’’

मी मॅनेजरबाईंना विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. तळ आणि चार बाजू अशा पाच काचांच्या लहान ऑर्डरी त्या एरवी घेत नाहीत, पण मॉडेलला लहान मापं उलट आवडतात, मोठ्या तावदानांच्या मधल्या जागा त्यांनी भरून निघतात. त्यामुळे त्यांनी काकाला भावही बाजारापेक्षा बराच कमी लावला, आणि त्यात उपकार नव्हता. दोघांचाही फायदा होता. मी लिहिलेली ती ओळ पुसून टाकली आणि काकाची पाच मापं इतरांच्या मापांत घातली. कागदोपत्री बघाल तर सगळ्यांचं भलं झालं. माझ्या धंद्यात याहून चांगला शेवट होत नाही.

काचा दोन दिवसांत आल्या. कडा घासून, प्रत्येकीवर काकाच्या नावाची चिठ्ठी लावून. काकूनं एक चिठ्ठी जपून सोडवली आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचली. मी त्या दिवशी मुद्दाम अर्धी रजा काढून गेले होते. काकानं तळाची काच टेबलावर ठेवली, कडेनं काच चिकटवायच्या सिलिकॉनची रेघ ओढली, एक बाजू उभी केली, मग दुसरी. चहा ठेवलेला होता तो त्यानं उभ्या उभ्याच प्यायला. बाजू बाजूला लागत गेल्या. कुठं फट नव्हती, कुठं काही घासावं लागलं नाही. तासाभरात टाकी उभी राहिली.

दोन दिवसांनी, सिलिकॉन पक्कं वाळल्यावर, मी पुन्हा गेले आणि आम्ही तिच्यात पाणी भरलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. काकानं सगळ्या कोपऱ्यांवरून कोरडा हात फिरवला आणि मला दाखवला. हात कोरडाच होता. काकू खूश होती. तिनं दवाखान्याला तिथूनच फोन लावला, आणि टाकी झालीसुद्धा म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना.

‘‘मस्त झालीय,’’ मी म्हणाले.

‘‘झालीय की.’’ काका स्टुलावर बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना काही काम नव्हतं आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. ‘‘इतक्या टाक्या केल्या मी. पण हिच्यात एकदाही अडलो नाही गं. एकदाही नाही.’’

माझ्याकडे येणारी माणसं हे वाक्य म्हणता यावं म्हणून पैसे मोजतात. ते ऐकलं की मी बिल पाठवते. काकानं ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी त्याच्या तोंडून पूर्वी एकदाच ऐकला होता, त्याची आई गेली तेव्हा. मला रडू आलं. ते लपवायला मी वाकून वर्तमानपत्र नीट करायला लागले, खरं तर ते नीटच होतं.

काकूनं फोनवर हात ठेवून विचारलं. दवाखान्यावाल्यांना दुसऱ्या शाखेसाठीही हव्या होत्या. ह्याच मापाच्या आणखी चार सांगायच्या का, असं ते विचारत होते.

काकानं टाकीकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीला आता काहीच टेकवलेलं नव्हतं.

‘‘सांग कारखान्याला,’’ तो मला म्हणाला. मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि मापं घातली. ती पाचही माझ्या तोंडपाठ होती.